लॉनवरची काळी शाई

१

दोन दिवसांत चार वेळा आपल्याला विष घातलं गेलं, असं इंद्रभान गुरुजींचं म्हणणं होतं. मेडशीत गुरुजींच्या म्हणण्यावर शंका घेणारा माणूस सापडायचा नाही. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली, उरलेल्या निम्म्याची दारू सोडवलेली. त्यामुळे शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या दारात मोटारसायकल लावली, तेव्हा गल्लीतल्या बाया एकमेकींना म्हणाल्या, "आला पोलीस. आता नेते सुनेले."

मी जगदेव, या भागाचा बीट जमादार. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत, गुडघे दुखतात, आणि सकाळी चहा झाला नाही तर मी कोणाशी धड बोलत नाही. त्या दिवशी झाला नव्हता.

गुरुजी पुढच्या खोलीत पलंगावर ताठ बसलेले. पांढरा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. उशाशी स्टूल. त्यावर चष्म्याची डबी, वही, बोरू ठेवलेला पेला, पाण्याचा तांब्या आणि औषधाची काळपट बाटली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात पंचशील. पाचवं शील, मद्य न पिण्याचं, लाल रंगानं लिहिलेलं.

"लिहा जमादार," गुरुजी म्हणाले. "बुधवारी दुपारी सुनेनं सात्याची भाजी केली. आपल्या लॉनवरच उगोल्या होत्या. जेवलो, अन् वीस मिनटात तोंड तापलं, कान लाल झाले, छाती अशी धडधडे का बाजूच्याले ऐकू यावं. मंग उलट्या. दवाखान्यात नेलं. दोन-तीन घंट्यानं उतरलं. संध्याकाळी तिथंच खिचडी खाल्ली, पुन्हा तेच. काल घरी आनलं, सुनेच्या जागी बायकोनं रांधलं. काल दुपारी तेच, काल संध्याकाळी तेच."

पावसाळ्यात उगवणाऱ्या खायच्या छत्र्यांना आमच्याकडे सात्या म्हणतात. शहरातले लोक मशरूम म्हणतात आणि डबीतून विकत घेतात.

"भाजी कोनं कोनं खाल्ली?" मी विचारलं.

"सगळ्यायनं. मी, बायको भागिरथा, पोरगा धम्मरत्न, अन् सून साक्षी सोता. बाकी तिघं ठणठणीत. म्हणजे माह्या एकट्याच्या पोटात काही चाललं."

"पण काल तं स्वयंपाक घरच्या बाईनं केला म्हणता."

"पानी कोन भरते? मीठ कोन भरते? घरात सुनेचा हात कुठं लागत नाही, सांगा बरं." गुरुजींनी आवाज खाली आणला. "तिचा बाप दारुडा. लग्नाले वर्ष झालं, म्या त्याले या घराचा उंबरठा ओलांडू देला नाही. लग्नात मांडवाच्याबी बाहेरच बसवला. पोरगी तो राग काढून राह्यली."

मी बयान लिहिलं, सहीसाठी कागद पुढे केला. गुरुजींनी हाताचा पंजा आडवा धरला.

"आता नाही. आज दुपारी पुन्हा जेवतो. पाचव्या खेपीबी झालं तं सही करतो. कोनाच्या पोरीवर उगाच आळ नको."

असा माणूस. स्वतःला विष घातलं गेलं तरी गणित पडताळून पाहणारा. ती सही पडली की साक्षीला मी गाडीवर बसवून ठाण्यात नेणार होतो, आणि मग ती या घरात परत येणार नव्हती, हे मला, तिला आणि गल्लीला माहीत होतं.

ती मागच्या दारात उभी होती. पंचविशीची सडपातळ पोरगी, रडून डोळे सुजलेले. मला पाहताच तिनं हात ओढणीखाली घेतले. लपवलेल्या हातांकडे माझं लक्ष आधी जातं.

"हात दाखव."

तिनं दाखवले. दहाही बोटांची टोकं काळीकुट्ट होती.

"त्या सात्या कुठं हायेत? उरल्या असतीन ना?"

तिनं लॉनकडे बोट केलं. मी जाऊन पाहिलं. सात्या नव्हत्याच. त्या जागी गवतावर नुसतं काळं, चिकट पाणी सांडलेलं होतं.

२

त्या लॉनची मेडशीत भरपूर थट्टा झालेली. गुरुजींचा मुलगा धम्मरत्न वाशिमला पाटबंधाऱ्यात नोकरीला. त्यानं तीन वर्षांमागे नवं घर बांधलं आणि नर्सरीतून गवताचे गालिचे आणून अंगणात अंथरले. लोक म्हणायचे, दारात ढोर एक नाही अन् यायनं गवत पेरलं. पण खोटं कशाला बोलू, श्रावणात ती हिरवळ पाहिली की डोळे निवायचे.

त्या हिरवळीवर उभा राहून मी साक्षीवर खेकसलो, "काय टाकलं यावर? अॅसिड? पुरावा नष्ट केला म्हन्तात याले, समजते का?"

"जगदेव, लॉनवरून उतर," मागून कोणीतरी म्हणालं.

तो आवाज मी पस्तीस वर्षांनी ऐकत होतो, तरी पाय आपोआप मागे आले. चंदनाबाई! ज्युनियर कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी त्यात दोनदा नापास. पांढरी सुती साडी, कापडी पिशवी, हातात छत्री. शिरपूर जैनहून एसटीनं आल्या होत्या आणि फाटकापासून एकेक पाऊल बघून टाकत फरशीच्या कडेनं येत होत्या.

"बाई, तुमी इथं कायले?"

"साक्षी माही विद्यार्थिनी. तुह्यासारखी नाही, पास झालेली. काल रडत फोन केला तिनं." बाई फरशीवरच थांबल्या. "आमचा चातुर्मास चालू हाये. हिरव्यावर मी पाय देत नाही. तू दे, पण कशावर देऊन राह्यला ते तरी पाहाय."

मी खाली पाहिलं. माझ्या बुटापासून चार बोटांवर गवतातून राखाडी रंगाची पंधरा-वीस डोकी वर आली होती. अंड्यांसारखी, एकमेकांना खेटून. मघाशी मी तिथून दोनदा गेलो होतो, मला एकही दिसलं नव्हतं. बाईंना फाटकातून दिसली.

"जन्मभर पायाखाली जीव येऊ नये म्हणून पाहत चालते बाबा," त्या म्हणाल्या. "सवय झाली. आता या बाजूच्या झुपक्याकडं पाहाय. हात लावू नको. नुसतं पाहाय."

तो झुपका मोठा होता, टोप्या उघडलेल्या. मी फरशीवर उकिडवा बसलो, गुडघ्यांनी शिव्या घातल्या. पाच मिनिटं काही नाही. मग एका टोपीची कड हळूच वर वळली. कडेला काळा थेंब जमला. फुगला, लोंबला आणि गवतावर पडला. मग दुसरा. मग शेजारच्या टोपीवर तिसरा. वारा नव्हता, कोणी हात लावला नव्हता. ती छत्री माझ्या डोळ्यांदेखत कडेपासून स्वतःच विरघळत होती आणि तिची शाई होत होती!

सत्तावन्न पावसाळे पाहिले मी, आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"अॅसिड नाही, काही नाही," बाई म्हणाल्या. "ते सोतालेच पचवते. बी झडून जावं म्हणून टोपी कडेपासून जिरवत नेते. संध्याकाळपर्यंत इथं काळ्या पान्याशिवाय काही राहनार नाही."

साक्षी आत जाऊन एक स्टीलची वाटी घेऊन आली. वाटीत काळी शाई होती. "काल सगळ्या विरघळून जाऊन राह्यल्या होत्या बाई. मले वाटलं, कोनी पाहाले आलं तं दाखवू काय? म्हणून हातानं गोळा करून ठेवल्या."

पुरावा नष्ट करायचा सोडून पोरगी पुरावा वाटीत भरून ठेवत होती, आणि मी तिला अॅसिडवाली ठरवून मोकळा झालो होतो. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी विचारलं, "इथं पहिले झाड होतं का?"

"बाभूळ होती मोठी," साक्षी म्हणाली. "घर बांधताना तोडली म्हन्तात. खोड तसंच जमिनीत. वर माती टाकून लॉन केलं."

"तेच. तीन वर्षं झाले, खाली अंधारात ते बाभूळ खाऊन राह्यली ही. वर दिसते ते नुसतं फळ. हिचं अंग खाली हाये, बारीक बारीक धाग्याचं. जगदेव, तू मघा उभा होता ना, तिथपर्यंत असन."

मी नकळत पाय आखडून घेतले. बाई हसल्या. चाळीस वर्षं हे शिकवलेली बाई, कधी जिभेला न लावलेली, आणि ती त्या थेंबांकडे देवळात उभं राहावं तशी पाहत होती.

"बाई, मंग हे विषारी व्हय का नाही?" मी विचारलं.

"एकटी असली तं मानसाले काही करत नाही." बाईंनी छत्री मिटली. "हिले जोडीदार लागते. या घरात तो कोन, ते पाहाचं हाये."

३

जोडीदार म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते रतनसिंगचं. गुरुजींच्या घरासमोरच त्याचा पानठेला. पूर्वी तिथंच त्याचं देशी दारूचं दुकान होतं. गुरुजींनी गावातल्या बायांना घेऊन आंदोलन केलं आणि ते बंद पाडलं. राग असणारच.

पण बाई आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसल्या. गुरुजींची बायको भागिरथाबाई डाळ निवडत होत्या. सुनेचं नाव काढलं की त्यांचे हात थांबायचे.

"पोरगी वाईट नाही वो," त्या हळूच म्हणाल्या. "पन यायच्या शब्दापुढं मी काय बोलू?"

"गुरुजींचा दिवस कसा जाते, ते सांगा."

"लय नेमाचा मानूस. पहाटे वंदना. बाराच्या ठोक्याले जेवन. जेवन झालं का औषधाचे दोन झाकनं. मंग लॉनच्या कडेनं शंभर पावलं, मंग आडवे. संध्याकाळी सातले पुन्हा तसंच. सा महिन्यात एक दिवस चुकला नाही."

"औषध कायचं?"

"भूक लागे नाही म्हणून चालू केलं. द्राक्षाचं हाये, ताकदीचं. त्यानं कधी काही झालं नाही, उलट अंगी लागलं. आता अशक्तपना आला म्हणून बुधवारपासून दोनाच्या जागी चार झाकनं घेऊन राह्यले."

"दवाखान्यातबी?"

"व्हय तं. पिशवी मीच नेली. टावेल, चष्मा, वही, औषध. डॉक्टरनं इचारलं, घरचं काही औषध चालू हाये का. म्या म्हटलं, काही नाही, द्राक्षाचं हाये आपलं."

बाईंनी मान हलवली. मला यात काही दम वाटला नाही. मी सरळ पानठेल्यावर गेलो आणि रतनसिंगला लॉनपाशी आणला.

"मले कायले धरता साहेब?" तो बिथरला. "दुकान बंद पडलं तवा राग आलता, खोटं कायले बोलू? पन आता त्यायलेच रोज पान देतो, बिनतंबाखूचं. एक सांगू का?" त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "बुधवारी संध्याकाळी मी मालेगावहून येत होतो. रस्त्यात नाल्यापाशी धम्मरत्नभाऊ गाडी लावून ओकून राह्यला होता. तोंड टमाट्यावानी लाल. म्या इचारलं काय झालं, तं हात जोडले. कोनाले सांगू नको म्हने."

मी बाईंकडे वळलो. माझी छाती फुगली होती.

"घ्या बाई! संपलं. सासऱ्याले घातलं अन् नवऱ्यालेबी घातलं. अन् नवरा बिचारा बायकोले वाचवाले गप बसला."

साक्षीला हे माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दोनदा नापास करताना पाहायच्या तसं.

"परीक्षेतबी तू असाच. अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहाचा. धम्मरत्नले बोलाव."

४

धम्मरत्न आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नजर फरशीवर. बुधवारपासून रजेवर घरीच होता, तरी बायकोच्या बाजूनं अवाक्षर बोललेला नव्हता. बाईंनी त्याला फरशीवर समोर बसवलं.

"चौघायनं एकच भाजी एकाच वेळी खाल्ली. बाबाले दुपारी जेवल्यावर झालं. तुले संध्याकाळी झालं. दोघी बायायले काहीच झालं नाही. भाजीत विष असतं तं चौघायले झालं असतं. ताटात टाकलं असतं तं तुले दुपारीच झालं असतं. मंग बुधवारी संध्याकाळी तू असं काय केलं, जे या दोघी कधीच करत नाही?"

लॉनवर एक थेंब पडला, तोसुद्धा ऐकू आल्यासारखा वाटला मला.

"तुह्या तोंडून ऐकते मी. नाहीतं मी सांगते."

त्यानं पुढच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज पार खाली नेला. "बाई, बाबाले सांगू नका. त्यायले दवाखान्यात टाकलं, टेन्शन आलं. मालेगावच्या धाब्यावर एक बिअर पेलो. एकच. अर्ध्या घंट्यात तोंड पेटल्यावानी झालं, छाती उडाले लागली. वाटलं, मेलो."

"हाच तो जोडीदार," बाई म्हणाल्या. "दारू. पोटात दारू गेली तं शरीर तिले तोडून मोडून बाहेर टाकते. ही छत्री ते तोडनंच बंद पाडते. नुसती खाल्ली तं काही नाही. पन खाल्ल्यावर तीन-चार दिवस, कधी पाच दिवस, दारूचा घोट गेला का कान लाल, छाती धडधड, उलट्या. जितके वेळा घोट, तितके वेळा."

मी त्या राखाडी डोक्यांकडे पाहिलं. ना डोळे, ना कान, ना जीभ. कोण चोरून प्यायलं ते दोन दिवसांत गावाला कळलं नाही, पोलिसाला कळलं नाही, बायकोला कळलं नाही. या मुक्या छत्रीनं तोंडावर लाल शिक्का मारून सांगितलं! मी हात जोडायचा तेवढा राहिलो.

साक्षी पुढे आली. ती रडत नव्हती आता.

"म्हणजे तुमाले जे झालं तेच मामाजीले झालं, हे तुमाले ठाऊक होतं. धाब्यावर तं माहा हात नोता, म्हणजे माह्या हातून विष नाही गेलं, हेबी समजत होतं. तरी दोन दिवस लोकं मले काहीबाही बोलले अन् तुमी बसून राह्यले?"

धम्मरत्ननं मान वर केली नाही. मला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. वर्दी होती म्हणून राहिलो.

आणि मग माझ्या डोक्यात पुढचा अर्धा प्रश्न शिरला. मी बाईंकडे पाहिलं, बाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"बाई," मी म्हणालो. "पोराले एकदा झालं. गुरुजीले चार वेळा झालं. म्हणजे गुरुजी..."

आतून भागिरथाबाईंनी हाक मारली, "बारा वाजले वो. जेवन वाढलं."

५

गुरुजी जेवत होते आणि आम्ही सगळे पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. वरण, भात, मेथीची भाजी. स्टुलावर माझा बयानाचा कागद, त्यावर गुरुजींचा पेन. लाल अक्षरातलं पाचवं शील बरोबर माझ्या समोर. मी तिकडं पाहायचं टाळत होतो.

गुरुजींनी हात धुतले, तोंड पुसलं. भागिरथाबाईंनी बाटलीतून चार झाकणं दुसऱ्या पेल्यात ओतली. गुरुजींनी पेला उचलला.

"गुरुजी, थांबा," चंदनाबाई म्हणाल्या. "तुमी दारू घेता का?"

भागिरथाबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गडगडत पलंगाखाली गेलं. गुरुजींचा चेहरा कुठल्याही छत्रीशिवाय लाल झाला.

"बाई, तुमी पाहुन्या हा, म्हणून ऐकून घेतो. चाळीस वर्षं झाले, म्या थेंब नाही शिवला. या गावात किती लोकायच्या हातातून बाटली घेतली, इचारा त्या रतनसिंगले! माह्या घरात बसून मले इचारता?"

"इचारते, कारन आता ते तुमच्या हातात हाये."

गुरुजींनी पेल्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग आम्हा सगळ्यांकडे.

"हे? हे तं औषध हाये. द्राक्षाचं."

"माह्या सासूबाई होत्या, अंगुरीबाई," बाई शांतपणे म्हणाल्या. "तीन महिने खोकल्यानं झोपल्या नाही. वैद्यानं अशीच बाटली देली. त्यायनं हात नाही लावला. आमच्यात हे चालत नाही. कारन त्याच्या नावातच हाये. तुमी भाषा शिकवली ना गुरुजी? पोरायले संधी सोडवाले लावत होते ना? मंग वाचा."

गुरुजींनी पेला खाली ठेवला. डबीतून चष्मा काढला, बाटली उजेडाकडे धरली.

"द्राक्षासव."

"सोडवा."

"द्राक्षा अधिक..." गुरुजी थांबले. त्यांनी बाटली आणखी जवळ धरली. "आसव."

आसव म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण गुरुजींना ते कोणी सांगायची गरज नव्हती. दर रविवारी विहारात ते तोच शब्द समजावून सांगत असत. पालीतला शब्द. मनाला चढणारी नशा म्हणजे आसव, ते क्षीण झाले की माणूस मोकळा होतो, असं. अख्ख्या गावानं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. तो शब्द सहा महिने त्यांच्या उशाशी बाटलीवर बसून होता.

"द्राक्षं आंबवून करतात हे," बाई म्हणाल्या. "खाली बारीक अक्षरात लिहिलंबी हाये, आपोआप तयार झालेला मद्याचा अंश इतके टक्के. औषध म्हणून वाईट नाही, लोकं घेतात. तुमाले सा महिन्यात यानं काही झालं नाही. पन बुधवारी त्या छत्रीची भाजी पोटात गेली, अन् वरून हे. दोन झाकनायनं झालं, तं अशक्तपना आला म्हणून तुमी चार घेतले."

"पुरावा?" गुरुजी म्हणाले. मास्तर तो मास्तरच.

"पुरावा तुमीच ठरवला ना सकाळी. जेवून पाहतो म्हटलं. जेवले. आता हे घेऊ नका, अन् बसा."

मग आम्ही बसलो. घड्याळात बारा पंचवीस. सगळ्यांच्या नजरा गुरुजींच्या कानांवर. दहा मिनिटं. वीस मिनिटं. जमादारकीच्या तीस वर्षांत मी चोर पाहिले, खुनी पाहिले, पण कोणाच्या कानांकडं इतका जीव लावून पाहिलं नाही. अर्धा तास. साक्षीचे डोळे मिटलेले. बरोबर एक वाजला.

गुरुजींचे कान गव्हाळ ते गव्हाळच होते.

६

गुरुजींनी बाटली स्टुलाच्या पार कडेला सरकवली. मग म्हणाले, "साक्षी."

ती पुढे आली.

"ते वाटी आन. काळी."

तिनं वाटी आणली. गुरुजींनी स्टुलावरचा बोरू उचलला, बयानाचा कागद उलटा केला, बोरू त्या शाईत बुडवला. अक्षर तेच, वळणदार. बाभळीच्या खोडावर वाढलेल्या, स्वतःला विरघळवणाऱ्या छत्रीच्या त्या शाईनं त्यांनी लिहिलं: 'मी, इंद्रभान, सहा महिने आसव प्यालो. माझ्याकडून पाचवं शील मोडलं. माझ्या सुनेचा यात काही दोष नाही.' खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. अक्षरं ओली होती, पाहता पाहता जास्तच काळी होत गेली.

साक्षीला राहवलं नाही. "मामाजी, असं कायले लिहिता? तुमाले माहीत नोतं."

"अन् तुले तरी कुठं माहीत होतं?" गुरुजी म्हणाले. "तरी म्या तुह्या नावानं कागद लिहून ठेवला. बापाचं दारू पेनं तुह्या पदरात बांधलं. चुकलो मी, पोरी."

मग त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात धम्मरत्न उभा होता. बाहेरचं बोलणं गुरुजींनी किती ऐकलं होतं, मला माहीत नाही. पण त्याच्याकडं पाहून ते एवढंच म्हणाले, "या घरात एकालेच माहीत होतं."

धम्मरत्न तिथंच उंबऱ्यावर बसला. बायकोकडं पाहायची त्याची हिंमत झाली नाही. साक्षीनंही त्याच्याकडं पाहिलं नाही. ते त्यांचं त्यांना निस्तरायचं होतं, त्यात पोलिसाचं काम नव्हतं.

चंदनाबाई पिशवी उचलून निघाल्या. सूर्य मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं, हा त्यांचा नेम, आणि एसटीचा भरवसा नाही. जाता जाता साक्षीला बोलल्याच, "सात्या वारुळावर येतात, लॉनवर नाही. पाठ होतं ना तुले? ज्याची पुरी ओळख नाही ते रांधू नये. या वेळी जोडीदार लागला, दुसरी एखादी एकटीच मानूस घेऊन जाईन. अन् गुरुजी, अजून पाच दिवस ते बाटली दूर ठेवा."

"पाच दिवस कायले," गुरुजी म्हणाले, "आता जन्मभर." आणि मग सुनेकडे वळून, "साक्षी, तुह्या बापाले फोन लाव. रविवारी जेवाले या म्हणा. आत बसून जेवू. माह्या बाजूले ताट मांड."

साक्षीच्या हातातली वाटी हलली. "मामाजी, ते पेऊन आले तं?"

गुरुजींनी भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"येऊ दे. त्याले म्हणा, पोरीचा सासराबी पेत होता. आता दोघं मिळून सोडू."

ती एकदम रडायला लागली, दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं, आणि भागिरथाबाईंनी तिला जवळ घेतलं. मी कागद घडी न घालता तसाच हातात धरून बाहेर आलो, ओली अक्षरं पुसू नयेत म्हणून. मघाचा झुपका जवळजवळ विरघळला होता, आणि त्याच्या शेजारी सकाळची राखाडी डोकी चांगली दोन बोटं वर आली होती. फाटक समोरच होतं, लॉनमधून गेलं तर चार पावलं. मी खाली पाहत पाहत फरशीच्या कडेनं गेलो.